गढूळ, निवळ आणि निर्मळ

भाषेत काही शब्दांना जन्मतःच मान मिळालेला असतो. निवळ, नितळ, स्वच्छ, पारदर्शक, सुस्पष्ट हे त्या मानकरी शब्दांपैकी होत. उलट गढूळ, धूसर, मळकट हे शब्द उच्चारताच आपण नकळत नाक मुरडतो. दोन घरांतले भांडण मिटले म्हणजे वातावरण 'निवळले' असे आपण म्हणतो. सार्वजनिक जीवनात लबाडी शिरली म्हणजे ते 'गढूळ' झाले असे म्हणतो. ही उपमा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की जे निवळ तेच निर्मळ आणि जे गढूळ ते मलीन, हे समीकरण तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. प्रस्तुत लेखात ते तपासण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी आम्ही जे उदाहरण घेतले आहे ते पाहून वाचकांनी दचकू नये. ते उदाहरण आहे बव्हेरियातील घरोघरच्या तळघरांत तयार होणाऱ्या गव्हाच्या बिअरचे.

धर्मगुरूने बिअरवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही इतकी पाहिली आहेत की पेयाची भलामण करण्याची आम्हांला हौस नाही. शिवाय महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, हेही स्पष्टच सांगून ठेवतो. जर्मनीत मात्र ठरावीक मर्यादेपर्यंत घरच्या वापरासाठी बिअर गाळण्याची मुभा आहे. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने ती मिळाली. तिथे हा उद्योग लोणची-पापडांइतकाच घरगुती आहे. आमचे लक्ष पेल्यातील मद्याकडे नसून पेल्यातील धूसरपणाकडे आहे.

प्रथम थोडा इतिहास. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट या गावी बव्हेरियाचे ड्यूक चौथे विल्हेल्म आणि त्यांचे बंधू दहावे लुडविग यांनी बिअरविषयी एक फर्मान काढले. त्यात भाव बांधून दिले होते आणि बिअरमध्ये जव, हॉप्सची फुले आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असेही बजावले होते. त्याला 'शुद्धतेचा आदेश' हे नाव पडले ते मात्र फार उशिरा, विसाव्या शतकात. या आदेशातील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिली ही की शुद्धतेचा विचार करताना त्यांनी 'आत काय घातले' एवढेच विचारले. बिअर आरपार दिसावी असे कुठेही म्हटले नाही. दुसरी अधिक मौजेची. बिअर ज्याच्यामुळे बिअर होते त्या यीस्टचा, म्हणजे किण्वाचा, त्या यादीत उल्लेखच नाही. ते एक सजीव आहे आणि आंबण्याची क्रिया तेच घडवून आणते, हे ज्ञान लुई पाश्चर आदी संशोधकांच्या परिश्रमांनी एकोणिसाव्या शतकात पक्के झाले. पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ सालचा आहे. तोवर साडेतीनशे वर्षे हा खरा कारागीर पिंपात अनामिकपणे राबत होता आणि त्याच्या अस्तित्वाची दिसणारी खूण काय, तर तळाचा गाळ आणि वरचा धूसरपणा!

गव्हाला त्या आदेशात स्थान नव्हते; गहू पावासाठी राखून ठेवावा असा हेतू त्यामागे होता, असे सांगितले जाते. परंतु कायद्याला अपवाद असतोच. १५४८ साली डेगेनबर्ग या सरदार घराण्याला गव्हाची बिअर करण्याचा हक्क मिळाला. १६०२ मध्ये ते घराणे निर्वंश झाले आणि पहिल्या मॅक्सिमिलियन ड्यूकने तो हक्क आपल्याकडे घेऊन राजसत्तेची मक्तेदारी बनवली. तिच्यातून तिजोरीत मोठी भर पडत असे. पुढे लोकांची आवड पालटली. १८४२ साली बोहेमियातील पिल्सन या नगरात योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने सोनेरी, झळझळीत, आरपार दिसणारी बिअर तयार केली. त्याच शतकात काचेचे पेले सामान्य माणसाच्या हाती आले. दगडी आणि कथिलाच्या भांड्यांतून पिणाऱ्याला आपले पेय निवळ आहे की गढूळ, याची चिंता नव्हती. पेला काचेचा झाला आणि जिभेआधी डोळा न्यायासनावर बसला. गव्हाची बिअर मागे पडत गेली. १८७२ साली गेओर्ग श्नायडर यांनी ती करण्याचा हक्क राजा दुसरा लुडविग याच्याकडून मिळवला नसता तर कदाचित ती नामशेष झाली असती. बेल्जियमच्या हूगार्डन गावी तर ती खरोखरच बंद पडली होती. तेथे पिएर सेलिस या दूधवाल्याने १९६६ साली तिचे पुनरुज्जीवन केले. आज दोन्ही देशांत धूसर पेला अभिमानाने पुढे केला जातो.

या इतिहासात मठांचाही वाटा आहे. म्युनिकजवळील फ्रायझिंगच्या टेकडीवर वाइहेनश्टेफान येथे बेनेडिक्टाइन मठ होता. मठाला १०४० साली बिअर गाळण्याचा अधिकार मिळाला अशी परंपरा आहे. त्या सनदेच्या अस्सलपणाविषयी इतिहासकार शंका घेतात. १८०३ साली मठ बरखास्त होऊन तो कारखाना सरकारजमा झाला आणि आज त्याच टेकडीवर बिअरशास्त्राचे प्रसिद्ध विद्यापीठीय शिक्षण चालते. मठाच्या जागी प्रयोगशाळा आली, तरी धूसर बिअर तेथे आजही निघते.

आता हा धूसरपणा येतो कोठून, ते पाहू. घरी बिअर करणारा मनुष्य मोड आणून वाळवलेला गहू आणि जव भरडतो. जर्मनीतील नियमाप्रमाणे या बिअरमध्ये निम्मे तरी धान्य मोडाचा गहूच असावे लागते. गव्हाला टरफल नसते. त्यामुळे नुसता गहू घेतला तर त्याचा चिकट लगदा होऊन रस झिरपत नाही. जवाचे टरफल तेथे गाळणीचे काम करते. ही भरड सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवली की तिच्यातील पिष्टाची साखर होते. तो गोड रस हॉप्स घालून उकळतात, निववतात आणि साधारण २० अंशांवर यीस्ट घालून आंबवतात. शेवटी बाटलीत भरताना चिमूटभर साखर घालतात, म्हणजे बंद बाटलीतही यीस्टचे काम थोडे चालू राहते आणि पेयाला फेस येतो.

या प्रवासात धूसरपणाला शिरायला चार दारे आहेत, आणि आमच्या मते सगळा बोध या चार दारांतच आहे.

पहिला धूसरपणा अर्धवट कामाचा. भरड पुरेसा वेळ, योग्य उष्णतेत ठेवली नाही तर काही पिष्ट तसेच राहते आणि बिअर कायमची पिठूळ होते. त्याची परीक्षा सोपी आहे. रसाच्या थेंबावर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे असे समजावे आणि भांडे आणखी अर्धा तास तसेच ठेवावे.

दुसरा धूसरपणा थंडीचा. धान्यातील काही प्रथिने आणि धान्याच्या टरफलातून व हॉप्समधून येणारी तुरट द्रव्ये थंडीत एकमेकांना चिकटतात आणि पेय मंद दिसू लागते. पेला उबदार झाला की ती सुटतात आणि पेय पुन्हा निवळते. आपल्या घरात कडक कोरा चहा फ्रीजमध्ये ठेवून पाहावा; हीच गंमत दिसते. परंतु येथे एक धोका आहे. थंडीचा प्रसंग वारंवार आला तर तेच बंध पक्के होतात आणि मग कितीही ऊब दिली तरी धूसरपणा जात नाही.

तिसरा धूसरपणा जीवनाचा. गव्हाच्या बिअरचे यीस्ट सहजासहजी एकत्र गोळा होऊन तळाशी बसत नाही; ते पेयात तरंगत राहते. या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा जो वास येतो तो कोणी फळ वा मसाला घातल्याने येत नाही. तो याच यीस्टची करणी असतो. बाटलीत अडकलेला थोडाफार प्राणवायूही ते टिपून घेते आणि पेय शिळे होऊ देत नाही.

चौथा धूसरपणा नासण्याचा. भांडे नीट धुतले नाही, नळीत घाण राहिली, की परके जंतू शिरतात. पेय आंबूस होते, कधी तार धरते, बाटलीच्या मानेशी आतून कडे उमटते, झाकण उघडताच सगळे उसळून बाहेर येते. ते ओतून देण्यावाचून गत्यंतर नसते.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की हे चारही पेले शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतील. एक अपुरा आहे, एक गारठलेला, एक जिवंत आणि एक नासलेला. पण दुरून पाहणारा चौघांनाही 'गढूळ' हे एकच नाव देऊन मोकळा होईल. भेद कळतो तो जवळ जाणाऱ्याला. कोणी थेंब तपासावा, कोणी पेला हातात धरून ऊब द्यावी, कोणी वास घ्यावा, कोणी चव पाहावी. आणि भेद कळल्यावर उपायही निरनिराळे: एकाला वेळ, दुसऱ्याला ऊब, तिसऱ्याला मोकळीक, चौथ्याला त्याग.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात बव्हेरियातील एका लहानशा धर्मग्रामात बदली सेवेसाठी राहण्याचा योग आम्हांला आला होता. तेथील एक निवृत्त सुतार आपल्या तळघरात एका वेळी वीस लिटर बिअर करीत. त्यांनी पेला भरताना बाटलीतील बहुतेक पेय हळुवार ओतले, मग बाटली थांबवून हाताने गोल फिरवली आणि तळाचा साका उठवून उरलेलेही पेल्यात घातले. पाहता पाहता सोनेरी पेला दुधाळ झाला. हे गाळून का घेत नाही, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "हेर फारर, गाळलेली हवी असेल तर दुकानात मिळते, तीही चांगली असते. पण ही गाळली तर त्यातला माझा कामकरी मी बाहेर काढला असे होईल. ज्याला साका नको त्याने तो बाटलीत राहू द्यावा. मी कोणावर जबरदस्ती करीत नाही." एवढे बोलून त्यांनी आपला पेला उजेडात न धरता नाकाशी नेला. त्या साध्या कृतीने आम्हांला विचारात पाडले.

आम्हां धर्मगुरूंकडे येणारी माणसे बहुधा एकच मागणे घेऊन येतात. "फादर, एका शब्दात सांगा, बरोबर की चूक?" आईवडिलांची जमीन तीन भावंडांत वाटायची असते. एकजण परदेशी आहे आणि पैसे पाठवत आला आहे. एकीने लग्नानंतरही माहेरी राहून आईचे आजारपण काढले. धाकट्याने शेत राखले, पण कर्जही करून ठेवले. प्रत्येकाच्या मनात धूसरपणा आहे, आणि तिघांचा धूसरपणा एकाच जातीचा नाही. थोरल्याने कदाचित पूर्ण विचारच केलेला नसतो. पैसे पाठवले म्हणजे कर्तव्य झाले, येथवर येऊन तो थांबलेला असतो. बहिणीच्या मनावरची छाया ही थंडीची असते; वर्षानुवर्षे तिला कोणी "दमलीस का ग बाय?" असे विचारलेलेच नसते. ऊब मिळाली तर ती छाया निघून जाईल. पण असे हिवाळे वारंवार आले असतील तर ती पक्की झालेली असेल. धाकट्याच्या मनातील गोंधळ कधी कधी सर्वांत प्रामाणिक असतो: आपले ऋण आणि आपले श्रम दोन्ही त्याला एकाच वेळी दिसत असतात आणि म्हणूनच त्याला पटकन बोलता येत नाही. आणि एखादा चौथाही तेथे असतो, नात्यातला वा बाहेरचा, ज्याला पाणी मुद्दामच गढूळ ठेवायचे असते. कारण गढूळ पाण्यात त्याचे जाळे चांगले चालते.

अशा घरात कोणी सल्ला देतो, "कागद करा, मोजणी करा, विषय संपवा." कागद होतो. रेषा काचेसारख्या स्पष्ट आखल्या जातात. पुढील सणाला त्या घराच्या एका दारातून दुसऱ्या दारात ताट जात नाही. सर्व काही निवळ झालेले असते आणि त्यातले जिवंत काय ते गाळणीत राहून गेलेले असते.

येथे एक रास्त आक्षेप निघेल. "फादर, धूसरपणाची अशी स्तुती केली तर लबाडांचे फावेल. हिशेब विचारला की तेही म्हणतील, विषय गुंतागुंतीचा आहे." हा आक्षेप आम्ही डोक्यावर घेतो. जेथे दुसऱ्याचा पैसा आहे, दुसऱ्याचा हक्क आहे, दुबळ्याची सुरक्षितता आहे, तेथे कारभार निवळच हवा. धर्मग्रामाचा जमाखर्च, पतपेढीची वही, संस्थेची नोंदवही यांत 'जिवंत धूसरपणा' नावाचा प्रकार नसतो. तेथे जो गढूळपणा दिसेल तो पहिला किंवा चौथाच समजावा, म्हणजे एक तर काम अपुरे आहे किंवा काहीतरी नासले आहे. वरील भावंडांच्या घरातही मोजणी आणि कागद हवेतच. आमचे म्हणणे एवढेच की कागदाने जमीन वाटली जाते, मन वाटले जात नाही. आणि कागद झाला म्हणून मनाचे काम झाले असे मानणे ही फसगत आहे. घरी बिअर करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. ज्याच्या पेल्यात जाणूनबुजून धूसरपणा ठेवायचा त्याची भांडी इतरांहून अधिक स्वच्छ असावी लागतात. उकळणे, धुणे, निर्जंतुक करणे यांत त्याला किंचितही सूट नसते. कारण डोळा त्याच्या मदतीला येणार नसतो.

दुसरीही एक लबाडी नोंदवली पाहिजे. अलीकडे अमेरिकेत धूसर बिअरची टूम आली, तेव्हा काही उत्पादकांनी उकळत्या रसात चक्क पीठ घालून धूसरपणा आणला. सखोलतेचा आव आणणारी लिखाणे आणि प्रवचनेही अशीच पिठूळ असतात. जे सोपे आहे ते अवघड शब्दांत सांगायचे आणि न समजलेल्या श्रोत्याने ते गूढ मानायचे! खरा धूसरपणा वस्तूत असतो. हा वरून घातलेला असतो.

आता निवळपणाकडे वळू. कारण त्यालाही फसवे रूप आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात महामारी, म्हणजे कॉलरा, उसळला. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी शोध घेतला तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाकडे बोट गेले. त्या पंपाचे पाणी बदनाम नव्हते. लोक ते आवडीने नेत असत आणि दिसायला त्यात विशेष दोष नव्हता. त्याच रस्त्यावर बिअरचा एक कारखाना होता. तेथील सत्तरेक कामगारांत एकही बळी गेला नाही. कारखान्याची बिअर त्यांना मिळत असे आणि त्या पंपाचे पाणी ते पीत नव्हते. बिअरसाठी पाणी उकळले जाते, हे त्यांच्या पथ्यावर पडले असावे. ज्या पाण्यावर डोळ्यांनी विश्वास ठेवला त्याने घात केला. गढूळपणा निदान सावध तरी करतो. निवळ विष सावधही करीत नाही. ज्या घरातून कधीच आवाज ऐकू येत नाही, ज्या मनाला कधीच शंका पडत नाही, ज्याच्या प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर असते, त्यांच्याविषयी हेच लक्षात ठेवावे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात सेमिनरीत आम्हांला देकार्त शिकवले जात. जे बुद्धीला स्पष्ट आणि विविक्त दिसते तेच सत्य म्हणून स्वीकारावे, हा त्यांचा दंडक आधुनिक विचाराचा पाया ठरला. परंतु ज्या १६३७ सालच्या प्रबंधात तो दंडक आला त्याच प्रबंधात देकार्त यांनी जगण्यापुरती एक तात्पुरती नीतीही सांगून ठेवली आहे. अरण्यात वाट चुकलेल्या प्रवाशाने घिरट्या न घालता एकाच दिशेने चालत राहावे, तसे पूर्ण स्पष्टता नसतानाही एकदा ठरवलेल्या मार्गावर निश्चयाने राहावे, असे ते म्हणतात. स्पष्टतेच्या या महान पुरस्कर्त्यालाही जाणवले होते की जगणे निवळेपर्यंत थांबता येत नाही. त्यांच्या दोन हजार वर्षे आधी ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या आरंभीच सांगितले होते की ज्या विषयाला जेवढी काटेकोरता पेलते तेवढीच त्याच्याकडून मागावी. गणितज्ञाकडून संभाव्यता ऐकून घेणे आणि वक्त्याकडून गणिती सिद्धता मागणे, ही दोन्ही त्याच्या मते सारखीच चूक. नीतीचा विषय माणसाच्या कृती हा आहे आणि कृतीत माणूस विरघळलेला असतो; तो बाजूला काढून उरलेले तपासता येत नाही.

म्हणजे निवळण्याचा यत्नच सोडून द्यावा काय? मुळीच नाही. आपल्याकडे पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवीत. त्याआधी निवळीची बी माठाच्या आतल्या अंगाला घासत. तिला संस्कृतात कतक म्हणतात, आणि शंकराचार्यांच्या नावावरील आत्मबोधात ज्ञानासाठी हाच दृष्टांत योजला आहे. कतकाचे चूर्ण पाण्यातील गाळ खाली बसवते आणि स्वतःही त्याच्याबरोबर तळाशी जाते. तसे ज्ञान अज्ञान घालवून स्वतःही शमते. बिअरच्या व्यवसायातही वाळवलेल्या माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून केलेले एक द्रव्य याच कामी वापरतात. तेही यीस्टला धरून खाली बसते. दृष्टांत दोन्हीकडे एकच. जो दुसऱ्याचा गोंधळ निवळायला जातो त्याने काम होताच तळाशी बसावे. सल्ला देणारा वरच तरंगत राहिला, घराच्या प्रत्येक निर्णयात त्याची चव लागू लागली, तर त्याने निवळले काय? आम्हां धर्मगुरूंनी, आणि घरातील वडीलधाऱ्यांनीही, हे फार जपावे. दुसरी मर्यादाही याच दृष्टांतात आहे. तुरटीने गाळ बसतो, पाण्यातले जंतू त्याने मरत नाहीत. त्यासाठी पाणी उकळावे लागते. आणि उकळताना पाणी काही काळ अगदी अशांत असते.

पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांना हे सारे तसे नवे नाही. पहाटे उतरवलेली ताजी नीरा आणि ऊन चढल्यावरची पांढुरकी ताडी यांतील फरक आपल्या जुन्या माणसांना सांगावा लागत नसे. ज्या ताडीने पीठ फुगवून सणाचे पक्वान्न करीत ती पांढुरकीच असे. निवळ नीरेने पीठ फुगत नाही. जे दुसऱ्याला फुगवते, वर उचलते, त्यात काहीतरी जिवंत आणि म्हणून काहीसे धूसर असणारच, एवढे शहाणपण त्या स्वयंपाकघरात होते. मात्र तीच ताडी किती वेळात आंबट होऊन टाकाऊ होईल, याचाही अंदाज त्यांना अचूक होता.

म्हणून आमची वाचकांना विनंती इतकीच आहे. आपल्या मुलाने एखाद्या प्रश्नाला लगेच उत्तर दिले नाही, सुनेच्या मनाचा ठाव लागला नाही, जोडीदार गप्प झाला, किंवा स्वतःच्याच अंतःकरणात उतरून पाहताना तळ दिसेनासा झाला, तर घाईने गाळणी हाती घेऊ नये. आधी विचारावे: येथे काम अपुरे राहिले आहे काय? मग बसून ते पुरे करावे. येथे थंडी साचली आहे काय? मग जवळ बसावे, आणि पुढचा हिवाळा येण्याआधी बसावे. काही नासले आहे काय? मग हळहळ न करता ते ओतून द्यावे आणि भांडे घासावे. आणि यांपैकी काहीच नसेल, तर समोरच्या माणसात काहीतरी अजून काम करीत आहे असे समजून त्याला तसेच राहू द्यावे. ज्याला साका घ्यायचा नसेल त्याने तो घेऊ नये, ही मोकळीक त्या वृद्ध सुताराने आपल्या पाहुण्याला दिली होती. आपल्या घरातल्या माणसांनाही ती देता आली तर पुष्कळ झाले.